पहिली ओळ मास्तरांची

ठाणे, २४ जून २०२४

प्रिय साईनाथ,

फोन न करता मेल लिहितेय म्हणून दचकू नकोस. आमचं घर तुला माहीत आहे. दोन खोल्या, आणि पपा दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसलेले. फोनवर बोललेलं त्यांना सगळं ऐकू जातं, आणि मला त्यांच्या माघारी बोलायचं आहे. म्हणून शाळेच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून बसले आहे. उत्तरही मेलवरच दे.

तू आमच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायला यायचास तेव्हा एक चाल तुझ्या कानावर पडली असेल, बहुधा एकदाच. माझ्या आजोबांनी बांधलेली. बँडमधलं कुणी गेलं तर त्याच्याच मयताला, चर्चपासून सिमेटरीपर्यंत वाजते. एरवी नाही. तालमीला नाही, आणि घरात तर मुळीच नाही. घरात वाजवली तर घरातलं माणूस जातं, अशी आमच्याकडे समजूत आहे. बाकीच्यांना आपापला भाग पाठ आहे. वरची मुख्य चाल मात्र कॉर्नेटची, आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. आजोबांकडून पपांकडे आली. पपांना मुलगा नाही, मी आहे. शेवटची वाजली ती धाकटे काका गेले तेव्हा. मयताला कोणी मोबाइल काढत नाही, त्यामुळे ती कुठेच नाही. पपांच्या डोक्यात आहे तेवढीच.

आता पपांचे दात काढायचे आहेत. पुढचेसुद्धा. हिरड्या खराब झाल्यात. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरात बघू. दात गेले की ओठाला टेकू नाही, कॉर्नेट फुंकणं संपलं, हे तुला सांगायला नको. त्याच्या आत ती चाल रेकॉर्ड व्हायला हवी.

स्टेशनजवळच्या दुकानात मी विचारून आले. दोन माइक लावायचा एक डबा त्यांनी दाखवला, माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेतो म्हणे. दिसायला गोड आहे, लाल रंगाचा. तो घेऊ का? तुझा तो डोंबिवलीचा गाळा अजून चालू आहे ना?

तुझी,
जोविटाताई

*

मानपाडा, डोंबिवली, २६ जून

ताई,

तो लाल डबा अजिबात घेऊ नको! दिसायला गोड असतात ते सगळे.

त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दोन माइकचा इंटरफेस म्हणजे नऊ जणांना एका रिक्षात कोंबणं. बसतील, का नाही बसणार? पण मग कुणाचा पाय कुणावर ते सोडवता येत नाही. क्लॅरिनेट जास्त झाला तर सगळंच खाली घ्यावं लागतं. जास्त माइकचा घेतला की प्रत्येकाचा आवाज वेगळा उतरतो, कॉम्प्युटरवर एकाखाली एक ओळी दिसतात. क्लॅरिनेटवाले गिल्बर्टकाका चुकले तर गिल्बर्टकाकांची ओळ तेवढी दुरुस्त. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

गाळा चालू आहे. एमआयडीसीत एका बाजूला रंगाचं गोडाऊन, एका बाजूला बिस्किटाचं, मध्ये मी. पोरांचे बँड येतात, ओरडतात, रेकॉर्ड करून जातात. माझा इंटरफेस चार माइकचा आहे, त्यांना पुरतो. तसाही मोठा घ्यायचाच होता, आता निमित्त झालं. पैशाचं बोलू नको. तुझ्या पपांनी, आमच्या मास्तरांनी, मला हातात काड्या दिल्या तेव्हा माझ्या आईला काय मागितलेलं? काय नाय.

सप्टेंबर म्हणजे टाइम आहे. मास्तर तयार आहेत ना पण?

साईनाथ

*

ठाणे, ३ जुलै

प्रिय साईनाथ,

तयार नव्हते. "जित्या माणसांत ती चाल वाजवाची नाय" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टी आहे, मीही बोलले नाही. घरात फक्त कुकर बोलत होता.

शेवटी रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर गिल्बर्टकाका घरी आले. त्यांची जीभ तुला माहीत आहे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "ज्यूड, उद्या तुझ्याच मयताला आमी काय वाजवाचा? लग्नाचा बाजा?"

मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, आता भांडण होणार. पण पपांनी मग विचारलं, "पोरं कवा मोकली हायत?" एवढ्यावर मिटलं. मी तिकडे भाजी करपवली.

तर आता तुझं काम सुरू कर. माणसं नऊ: पपांचा कॉर्नेट, क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, साइड ड्रम, मोठा ड्रम आणि झांजा.

जोविटाताई

*

मानपाडा, २० जुलै

ताई,

उशीर झाला, सॉरी. आधी दोन आठवडे मी नुसता बघत बसलेलो. यात इतके प्रकार आहेत की डोकं फिरतं. शेवटी एक ठरवला, मागवला, आणि पार्सल गेलं ठाण्याच्या मानपाड्याला! घोडबंदर रोडला कुठल्या तरी सोसायटीच्या वॉचमनने सही करून ठेवून घेतलं. चार दिवसांनी मीच जाऊन आणलं. कुरियरवाला मलाच बोलतो, "पत्ता नीट लिहीत जा."

आता खरी गंमत. खोक्यावर मोठ्या अक्षरात सोळा इनपुट. म्हटलं, आपले नऊ आरामात. उघडून बघतो तर माइक लागेल अशी भोकं आठच! बाकीची दुसऱ्या कामाची, तिथे माइक लावायचा तर आणखी एक डबा जोडावा लागतो. एवढी वर्षं या धंद्यात, आणि खोकं वाचून फसलो. कुणाला सांगू नको.

पण मला वाटतं ते बरंच झालं. ऐक. आधी आठ जणांना एकत्र घेतो. मास्तरांना त्या दिवशी वाजवायला लावायचंच नाही. या लोकांच्या चुका होणार, दहादा परत घ्यावं लागणार, त्यात मास्तरांचा दम कशाला घालवायचा? आठ जणांचं पक्कं झालं की मग मास्तर एकटे येतील, शांतपणे, खुर्ची, पंखा, चहा. हेडफोनमध्ये बँड ऐकायचा आणि वर वाजवायचं. कॉम्प्युटरवर पहिली ओळ मी त्यांच्या नावाने मोकळी ठेवलीय.

मान त्यांचा, म्हणून ते शेवटी. बरोबर ना?

साईनाथ

*

ठाणे, २३ जुलै

प्रिय साईनाथ,

तुझं बरोबरच आहे. पपांनाही पटलं. जरा जास्तच लगेच पटलं, म्हणाले, "पोरांचा आधी होऊ दे." सगळ्यांना सोयीचा रविवार ११ ऑगस्ट आहे.

फक्त त्यानंतर फार लांबवू नकोस.

जोविटाताई

*

मानपाडा, १२ ऑगस्ट

ताई,

तू काल शाळेच्या ट्रेनिंगला गेलीस आणि मोठा तमाशा चुकवलास.

मी सगळं एक नंबर मांडलेलं. आठ खुर्च्या, मध्ये गाद्यांचे आडोसे, आठ माइक, आठ हेडफोन. हेडफोनमध्ये टक टक टक, म्हणजे सगळे एका लयीत राहतात. रॉक बँडवाली पोरं त्याच्याशिवाय वाजवत नाहीत. आणि आपला बँड? चार ओळीसुद्धा धड नाही. ट्रॉम्बोन पुढे, ड्रम मागे, गिल्बर्टकाका तिसरीकडे. जेवणापर्यंत हेच. मी रडायचा बाकी होतो.

मास्तर कोपऱ्यात बसलेले, कॉर्नेटची पेटी मांडीवर. उठले, आणि मला विचारलं, "साई, ही चाल कवा कोनी बसून वाजवलीय?"

मग त्यांनी खुर्च्या उचलायला लावल्या. टकटक बंद. चपला बाहेर. सगळ्यांना उभं केलं दोन रांगांत, आणि जागच्या जागी पाय उचलायला लावले, मयताच्या चालीने, सावकाश. स्वतः समोर उभे राहून हाताने दाखवत होते. ताई, ह्या लोकांची लय पायात आहे, आणि मी त्यांना खुर्च्या दिलेल्या!

दुसऱ्या फटक्यात पूर्ण झालं. पायांचा धप धप सगळ्या माइकमध्ये आलाय. तो काढता येणार नाही, आणि मला काढायचापण नाही.

आठ ओळी तयार आहेत. वरची चाल नाही त्यामुळे आत्ता ऐकायला विचित्र वाटतं, सगळे जण कुणाची तरी वाट बघतायत असं. दहीहंडीपर्यंत माझी साउंडची कामं आहेत, त्यामुळे मास्तरांचं १ सप्टेंबरला ठेवू. चालेल ना? तोंडाला सारखा रुमाल लावत होते काल. दाढ दुखत असेल, लवंग दे.

साईनाथ

*

ठाणे, ३० ऑगस्ट

साईनाथ,

१ तारखेला पपा येणार नाहीत.

हिरड्या खराब झाल्या असं मी तुला लिहिलं होतं. कॅन्सर आहे, खालच्या जबड्याचा. मला जूनपासून माहीत होतं. त्यांना मी सांगितलं नव्हतं, आणि एकाला सांगितलं की सगळ्यांना कळतं म्हणून तुलाही सांगितलं नाही. सप्टेंबरात ऑपरेशन ठरलं होतं. पण जखम वाढली, हॉस्पिटलमध्ये बेड मिळाला, त्यांनी सांगितलं की आत्ताच या. या मंगळवारी झालं. जबड्याचा एक भाग आणि दात काढले. नाकातून नळी आहे.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी कॉर्नेट त्यांच्या हातात दिला. म्हटलं, पपा, मोबाइलवर तरी वाजवा. त्यांनी लावला ओठाला. सूर आला नाही, रक्त आलं. मग त्यांनीच तो पुसला, पेटीत ठेवला आणि मला म्हणाले, "आता मना जेवाला वाढ." कॅन्सर आहे हे त्यांना माझ्याआधीच कळलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

मला तुझ्यावर रागवायचं होतं. चार दिवस प्रयत्न केला. जमलं नाही.

जोविटा

*

मानपाडा, ३० ऑगस्ट

ताई,

तू सांगायला पाहिजे होतंस. मी दहीहंडीला लोकांना नाचवत होतो, आणि तिकडे मास्तर टेबलावर. एक शब्द लिहिला असतास तर त्या रविवारीच आठातला एक माइक काढून त्यांच्यासमोर ठेवला असता. झांजा नसत्या आल्या तर काय बिघडलं असतं?

आणि मला तरी डोळे नव्हते का? रुमाल बघितला आणि लवंग दे म्हटलं.

मान मान करत त्यांना शेवटी ठेवलं. समोर उभे होते ना ताई, पेटी उघडायला सांगितलं असतं तर?

बँडचं जेवढं झालंय तेवढं पाठवतोय. पहिली ओळ तशीच आहे. तुला ऐकावंसं वाटलं तर ऐक.

साईनाथ

*

ठाणे, २९ सप्टेंबर

प्रिय साईनाथ,

महिनाभर ती फाइल उघडली नाही. परवा पपांना घरी आणलं. बोलतात ते मला अर्धं कळतं, बाकी खुणा. संध्याकाळी त्यांनी कानाकडे बोट केलं आणि मग पायाने जमिनीवर हलकेच ठेका दिला. काय मागतायत ते कळलं. हेडफोन लावून दिले.

ते डोळे मिटून ऐकत होते. मी औषधं मोजत होते. सहज लक्ष गेलं तर चादरीवर त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं हलत होती.

साईनाथ, मी आठवीपर्यंत कॉर्नेट वाजवायचे, हे तुला बहुतेक माहीत नाही. पपांनीच शिकवलं. मग ॲडेलिन आत्या म्हणाली, पोरीच्या ओठावर वळ उठेल, लग्न कोण करील? कॉर्नेट बंद झाला. वळ उठला नाही आणि लग्नही झालं नाही. पण बोटं मला वाचता येतात. ते नुसती बोटं हलवत नव्हते, ते वरची चाल वाजवत होते.

अडचण अशी आहे की कॉर्नेटच्या तीन कळांत सगळे सूर मावत नाहीत. त्याच बोटांवर ओठ आवळला की वरचा सूर, सैल सोडला की खालचा. बोटं दिसतात, ओठ कुठून आणू? वरची चाल मला येत नाही. पण अर्धी माझ्यासमोर चादरीवर पडली आहे, आणि मला झोप येत नाही.

जोविटाताई

*

मानपाडा, २ ऑक्टोबर

ताई,

हे जमेल! ऐक नीट.

मास्तर ऐकत असताना त्यांच्या हाताचा व्हिडिओ घे. तोंड नको, नुसता हात. मी तो बँडच्या आवाजाबरोबर जुळवून देतो. मग तुला जिथे अडेल, वरचा सूर की खालचा, ती जागा मला सांग. आपल्याकडे आठही जण वेगवेगळ्या ओळीत आहेत. मी बाकी सगळे बंद करून एकटा युफोनियम देतो, नाहीतर एकटे गिल्बर्टकाका. त्यांच्याशी दोनातला एकच सूर जुळणार, दुसरा कानाला खुपणार. तो गोड लाल डबा घेतला असता तर हे झालं नसतं. सगळे एकमेकांत अडकलेले असते.

आणि चालीचा वेगपण कमी करून देतो, सूर न बदलता. तू फक्त हात धर त्यांचा. म्हणजे कॅमेऱ्यात.

साईनाथ

*

ठाणे, १२ नोव्हेंबर

प्रिय साईनाथ,

तू पाठवलेले सगळे तुकडे मिळाले. अर्ध्याच्या वर चाल लागली आणि मग एक दिवस पपांनी डोळे उघडले. मी मोबाइल त्यांच्या हातावर धरून बसलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटं मिटली आणि मूठ चादरीखाली घेतली.

त्यानंतर हेडफोन लावू देईनात. ताकसुद्धा माझ्या हातून घेईनात. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "पपा, मुलगा नाही म्हणून चाल मातीत घालायची का?" आजारी माणसाला असं बोलू नये, पण बोलले. ते रडले. मीही रडले. आमच्या घरात ही पद्धत नव्हती.

मग २ नोव्हेंबर आला, मेलेल्यांचा दिवस. मी आजोबांच्या आणि काकांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून आले. पपा खाटेवर बसून होते. त्यांनी माझा उजवा हात ओढून मांडीवर पालथा ठेवला, आणि त्यावर स्वतःची तीन बोटं ठेवून पहिल्यापासून दाबायला सुरुवात केली. सूर वरचा असेल तिथे डोळ्यांनी वर बघायचे, खालचा असेल तिथे खाली. तू आणि मी युफोनियम ऐकून ठरवलेल्या तीन जागा चुकीच्या निघाल्या. त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारून त्या दुरुस्त केल्या.

घरात फुंकायचं नाही, हे अजून कायम आहे. घरी नुसती बोटं. सूर काढायला शाळा सुटल्यावर व्यायामशाळेत जाते. शिपाई मारुतीदादा म्हणतो, "मॅडम, गाय अडकलीय का आत?" ओठ सुजलेत. पण सूर येतोय.

जोविटाताई

*

मानपाडा, १६ डिसेंबर

ताई,

काल तू गेल्यावर मी गाळ्याचं शटर ओढून एकटाच ऐकत बसलेलो. पहिली ओळ भरली.

सुरुवातीला तू अडखळत होतीस ते तुझ्यामुळे नाही. तुझा आवाज कॉम्प्युटरात जाऊन हेडफोनमध्ये परत यायला कणभर उशीर होत होता, तो मी नंतर काढला. मग तू चपला काढल्यास आणि न सांगता पाय उचलायला लागलीस. मी काचेच्या अलीकडे होतो ते बरं झालं.

मास्तरांना ऐकव आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव. चांगलं-वाईट करू नको.

साईनाथ

*

ठाणे, ६ जानेवारी २०२५

प्रिय साईनाथ,

जसंच्या तसं कळवते. नाताळ झाल्यावर ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढला, आणि मोठ्या कष्टाने, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "बाय, पलतंस कशाला?"

एवढंच. लय पुढे पळवत होते मी. शाबासकी वगैरे आमच्याकडे मिळत नाही. पण त्या रात्री पोटभर पेज घेतली.

दुसरं असं की आजार परत आला आहे, मानेत. डॉक्टर म्हणाले, आता त्रास कमी करायचा, बाकी काही नाही. हे तुला त्याच दिवशी लिहितेय. पपांनाही मीच सांगितलं. ते म्हणाले, माहीत हाय.

पुन्हा रेकॉर्ड करायला येईन म्हटलं होतं, पण आता त्यांना सोडून डोंबिवलीला येणं जमेल असं दिसत नाही.

जोविटाताई

*

मानपाडा, ५ मार्च

ताई,

परवा बघून आलो ते डोळ्यांसमोरून जात नाही. मास्तरांनी माझा हात धरलेला, सोडेनात. मी शिमग्याला गावी चाललोय, संगमेश्वरला. पालखी घरी येते, आई एकटी आहे, गेल्याशिवाय चालत नाही. मन मागेच आहे.

लिहू की नको असं झालंय, पण तू मागे म्हणालीस ना, लपवायचं नाही. तर लिहितो. मी नसताना काही झालं, तर माझ्याकडच्या तानाजीला फोन कर. बॅटरीवरचा मोठा स्पीकर त्याच्याकडे तयार आहे, चाल त्यात भरून ठेवलीय, नऊच्या नऊ ओळी. तो हातगाडीवर घालून बँडबरोबर चालवेल. तू वाजवायचं नाहीस. तू मयतामागे घरच्यांबरोबर चाल. त्या दिवशी तू मास्तरांची मुलगी आहेस, कॉर्नेटवाली नाही. तेवढ्यासाठी तर रेकॉर्ड केलं आपण.

साईनाथ

*

ठाणे, २२ मार्च

प्रिय साईनाथ,

तुला फोनवर फक्त "गेले" एवढं सांगू शकले. आता नीट लिहिते. फोनवर बोलायला घरात आता कोणाची अडचण नाही, तरी लिहिते.

बारा तारखेला पहाटे गेले. झोपेत नाही, मी हात धरला होता. तेराला दुपारी मिस्सा झाली. लेंट, म्हणजे आमचा उपासाचा काळ, चालू आहे, त्यात बाजा वाजत नाही, म्हणून फादरना विचारलं. म्हणाले, वाजवा, पण चर्चच्या दाराबाहेर.

तुझा तानाजी वेळेच्या आधी स्पीकर घेऊन आला होता. पांढरा शर्ट घालून. गुणी माणूस आहे. गिल्बर्टकाकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बाय, तू घरच्यांत जा, आमी गाडीसंगती चालतो." बँड दाराबाहेर दोन रांगांत उभा होता, वाद्यं हातात, कोट घातलेले. स्पीकर लावला असता तर ती आठ माणसं वाद्यं हातात धरून मुकी चालली असती, आणि त्यांच्याच आवाजामागून. पपांच्या पुढे. मला ते बघवेना. मी तानाजीला म्हटलं, भाऊ, गाडी गेटपाशी लाव, आणि कॉर्नेटची पेटी उघडली.

मयताला बँड शवपेटीच्या पुढे चालतो. मुलगी मागे चालते. मी पुढे चालले. ॲडेलिन आत्या काहीतरी म्हणाली, मी ऐकलं नाही. मागे पपा होते आणि मला ते दिसत नव्हते, फक्त त्यांना उचलणाऱ्यांचे पाय ऐकू येत होते. ते जड चालतात, साईनाथ. त्यांच्या पायांनी वाजवावं लागतं, पळताच येत नाही. चाल बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत पहिल्यांदा संपली, पुन्हा धरली. दोन जागा चुकल्या. गिल्बर्टकाकांनी त्या क्लॅरिनेटने झाकल्या. रंगाची पिचकारी घेतलेली मुलं रस्त्यात होती, ती हात खाली करून भिंतीला लागून उभी राहिली.

माझ्या भल्यासाठी तू केलेल्या सूचनेचं मला वाईट वाटलं नाही. तू आणि तो सोळा म्हणणारा आठाचा डबा नसता तर माझ्या हातात काही नसतं. पहिल्या ओळीतलं माझं पळणं तसंच राहू दे, पुसू नको. पुढे बँडमधल्या कुणाच्या घरातलं मूल शिकायला आलं, मग मुलगा असो की मुलगी, तर त्याला आठ ओळी ऐकव आणि वरची माझ्याकडे शिकायला पाठव.

सिमेटरीत बँड कबरीच्या पायथ्याशी उभा राहतो आणि लोकांची माती टाकून होईपर्यंत वाजवत राहतो. आत्याने टाकली, शेजारच्यांनी टाकली, माझ्या शाळेच्या बायकांनी टाकली, तुझ्या तानाजीनेही टाकली. मी बघत होते आणि वाजवत होते. चाल संपली तेव्हा खड्डा भरला होता आणि माणसं फावड्याने वरचं सारखं करत होती. माझी मूठ राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन टाकून आले.

जोविटाताई